फोटोखालची ओळ

कुठलाही जुना फोटो समोर आला की मी आधी त्याच्या खालची ओळ तळहाताने झाकते. मग फोटो पाहते. हात, पाय, झाडं, सावली, मागची भिंत. दिसलं ते मनाशी म्हणून घेते आणि त्यानंतरच हात बाजूला करून खाली काय लिहिलंय ते वाचते. शाळकरी मुलांसाठी इतिहासाचे, आपल्या भागातल्या जुन्या गोष्टींचे ऑनलाइन धडे तयार करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आमच्या ऑफिसच्या खोलीतली तरुण मुलं माझ्या या सवयीला हसतात. पडद्यावर बोटांचे ठसे उमटतात म्हणून एकीने मला पुसायचं फडकं भेट दिलं. फडकं मी वापरते, पण सवय सोडलेली नाही. ती कुठल्या प्रशिक्षणात लागलेली नाही. ती माहेरहून आली.

आमचं गाव वडनेर भोलजीपासून आत, काळ्या जमिनीचं. बाजार मलकापूरचा. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि बाजूला शेळ्यांचा गोठा. सकाळी कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकर थापल्याचा आवाज, त्यावर खलबत्त्यात मिरची आणि शेंगदाणे कुटल्याचा आवाज, आणि वारा सुटला की गोठ्यावरून येणारा फडफडाट. हा फडफडाट माझ्या बाबांचा होता. शब्दशः. गोठ्यावर छप्पर म्हणून जो फ्लेक्स ताणलेला होता त्यावर बाबांचा फोटो होता, माणसापेक्षा मोठा. मायने तो तोंड आत करून बांधला होता, म्हणजे वरून नुसतं पांढरं दिसायचं आणि बाबा खाली शेळ्यांकडे बघून हसत असायचे. बाबा स्वतः गोठ्यात फारसे जात नसत. दूध मायच काढायची.

त्या फ्लेक्सची हकीकत अशी. बीटी कापूस आमच्याकडे नवा होता तेव्हा एका बियाणं कंपनीची माणसं जीपमधून आली. बाबांनी त्या साली एका तुकड्यात त्यांचं बी पेरलं होतं. पीक अजून हातात यायचं होतं. ती माणसं बाबांना हायवेकडच्या एका बागायतदाराच्या शेतात घेऊन गेली, खांद्याइतक्या उंच, बोंडांनी वाकलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, उभं केलं, डोक्यावर कंपनीची टोपी घातली, गळ्यात टॉवेल टाकला आणि हसा म्हणाली. बाबा हसले. टोपी आणि टॉवेल फुकट मिळाला. पुढच्या हंगामात आजूबाजूच्या गावांतल्या प्रत्येक बियाण्याच्या दुकानावर बाबा लटकले, आणि त्यांच्या पायाशी मोठ्या अक्षरात ओळ होती: ‘मी लावलं, तुम्हीही लावा!’ हे वाक्य बाबा आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते शेत त्यांचं नव्हतं. पण तोंड त्यांचं होतं, आणि गावाने तोंड पाहून बी घेतलं. पावसाने ऐन भरात पाठ फिरवली, पऱ्हाटीवर लाल्या आला, पानं तांबडी पडली आणि बोंडं सुपारीएवढीच राहिली. लोक आमच्या अंगणात आले. कंपनीचा पत्ता कुणाकडे नव्हता, आमचा होता.

त्यानंतर आमच्या घराचा कायदाच झाला: फोटो नाही, सही नाही, नाव नाही. पोलिओच्या डोसाला आलेल्या नर्सबाईंनासुद्धा माय विचारायची, “डोस पाजा ना, नाव कायले पाह्यजे?” वाटसरूने पाणी मागितलं तर पाणी मिळायचं, सोबत कुठून आले, कुणाकडे चालले, काऊन चालले हेही विचारलं जायचं. बाबा तर कुणी चांगलं बोललं तरी सावध व्हायचे. “गोड बोलून राह्यला, काईतरी हाय,” हे त्यांचं पालुपद. मी या वातावरणात वाढले आणि मला ते वाईट वाटलं नाही. सगळ्यांच्या घरी असंच असतं अशी माझी समजूत होती.

मी नववीत असताना शाळेला संगणक मिळाले. खोलीला नवा रंग, खिडकीला पडदा, आत जाताना चपला बाहेर. वीज आणि इंटरनेट दोन्ही एकाच वेळी असण्याचा योग रोज येत नसे, पण आला की इंगळे सर घंटा वाजवायचे आणि आम्ही धावायचो. इंगळे सर आम्हाला इतिहास शिकवत. त्यांनी आम्हाला एक साइट उघडून दिली. मुलांनी आपापल्या भागातल्या जुन्या गोष्टी शोधायच्या, त्यांची माहिती पाठवायची, इतरांची वाचायची, प्रश्न सोडवायचे, आणि माहिती जोडली किंवा उत्तर बरोबर आलं की नावापुढे एक पिवळा तारा मिळायचा. तारा मिळवलेल्याला ‘वारसामित्र’ म्हणत. मला ताऱ्याचं आकर्षण नव्हतं. टाइप करायला मिळतं म्हणून मी जायचे. माझी बोटं भराभर चालायची.

“लोणार टाकलं कोणीतरी, सिंदखेडराजा टाकलं,” सर म्हणाले. “आपल्या गावचं काय?”

आपल्या गावचं काही नव्हतं. किल्ला नाही, लेणं नाही, मारुतीचं देऊळही सिमेंटचं. मग मी सितादहीवर चार ओळी लिहिल्या. आमच्या भागात कापसाची पहिली वेचणी अशीच सुरू करत नाहीत. बायका आधी शेताच्या कोपऱ्यात दगड मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि पऱ्हाटीवर शिंपडतात. पाच झाडांना सूत गुंडाळतात. मग सगळ्याजणी तिथेच दहीभात खातात आणि ओटी बांधून वेचायला लागतात. आमच्या घरी त्यात एक जास्तीची गोष्ट होती. मायने मोरीमागे देवकापसाचं एक झाड वाढवलं होतं, वातींसाठी. सितादहीचं सूत ती त्याच झाडाच्या कापसाचं काढायची. शेतभर बीटीचा कापूस फुटलेला असताना हे कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “ज्याचं पान अळी खात नाई ते देवाले कायले देऊ? अळीले कळते, देवाले नाई कळत का?” हेही मी लिहिलं.

साइटवाल्यांना ते आवडलं. दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून एक मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. वयाने लहान होत्या, पायात बूट, पाठीवर पिशवी. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभे राहिले, पाठ करून. मायने पदर खोचला आणि अटी सांगितल्या.

“मानसाचा फोटो नाई. देवाचा काढा, दह्याचा काढा, पऱ्हाटीचा काढा. तोंड नाई.”

“काकू, नुसते हात चालतील?” मॅडमनी विचारलं.

मायने आपले हात उलटसुलट करून पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होती. “हाताले काय होते,” ती म्हणाली.

मॅडम वाईट नव्हत्या, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी सगळं विचारलं. शेत कोणत्या बियाण्याचं आहे हेही विचारलं आणि धुऱ्यावरून बाबांनी मान न वळवता “बीटी” म्हणून ओरडून सांगितलं, ते त्यांनी लिहून घेतलेलं मी पाहिलं. दहीभात आणि ठेचा आवडीने खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी खाल्ला. दहीभाताचं पातेलं धरून उभ्या असलेल्या जुबेदा चाचीने त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि बाकीच्या बायांना म्हणाली, “पुन्यात मिरच्या नाई पिकत वाट्टे.”

जुबेदा चाची वेचणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारीण. गावात कोणाचा कापूस कधी वेचला जाणार हे तिच्या शब्दावर ठरायचं. उंच, हाडापेराची बाई, कमरेला साडीचा घट्ट काचा, आणि जिभेला धार. तिच्या घरी शेत नव्हतं. तिच्या नवऱ्याने ठोक्याने, म्हणजे वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, जमीन घेऊन कापूस लावला होता, नेमका त्याच साली, बाबांचं तोंड पाहून. ते बुडाल्यावर तो मलकापूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला गेला आणि तिकडेच राहू लागला. तरीही चाची दरवर्षी आमच्या शेतात टोळी आणायची. काम ते काम, असं तिचं म्हणणं. दहीभाताचं पातेलं धरायचा मानही तिचाच.

दिवाळी झाल्यावर साइटवर ते पान दिसलं. फोटो सुंदर होता. मायचे दोन हात, ओंजळीत देवकापसाची पांढरी बोंडं, मनगटावरचं गोंदण, मागे नजर जाईल तिथवर फुटलेला कापूस आणि कडेला आमच्या धुऱ्यावरची वाकडी बाभूळ. खाली ओळ होती: ‘पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या देशी बियाण्याच्या शेतात वेचणीचा सण साजरा करणारे शेतकरी कुटुंब.’

ही ओळ कोणी लिहिली ते मला आजवर कळलेलं नाही. कशी लिहिली गेली ते मात्र आता मला चांगलं माहीत आहे, कारण मी त्याच कारखान्यात आहे. फोटो एकाकडे असतो, नोंदी दुसऱ्याकडे असतात आणि ओळ तिसऱ्याला लिहायची असते. तिसऱ्याला संध्याकाळच्या आत पान पूर्ण करायचं असतं. त्याला देशी कापूस दिसतो, मागे शेत दिसतं, आणि दोन्हींच्या मधली जागा तो आपल्या मनाने भरतो. मनात बहुतेक वेळा काहीतरी गोड असतं.

मी ती ओळ दोनदा वाचली. सरांना काही सांगेपर्यंत उशीर झाला होता. सरांनी कौतुकाने मलकापूरहून रंगीत प्रिंट काढून आणली होती आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली होती. गावाने ती वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतली. तोंड नव्हतंच, पण गोंदण होतं, बाभूळ होती. हाताले काय होते, असं माय म्हणाली होती. काय होते ते कळलं. त्या साली आमची पऱ्हाटी इतरांपेक्षा हिरवी होती. शेत नाल्याकाठी होतं, ओल धरून राहायचं, एवढंच त्याचं कारण. पण संशयाला एकदा ओळ मिळाली की बाकीचं तो स्वतः गोळा करतो. बाबांचं नाव घेऊन लोक म्हणू लागले: नारायणभाऊने गावाले बीटी लावायला लावलं आन् सोता देशी दाबून ठेवलं. तरीच त्याच्या पऱ्हाटीले काई होत नाई. तरीच देवाले बीटी चालत नाई त्याच्या घरी.

बाबा सरांकडे गेले. काय बोलले ते कळलं नाही, पण दुपारी फळ्यावरचा कागद निघाला. त्याने उलटंच झालं. पारावर लगेच म्हणू लागले, “काढलं ना? मंग खरंच असन. खोटं असतं तं राहू देलं असतं.”

दुसऱ्या वेचणीचा दिवस आला आणि चाचीची टोळी आमच्या शेतावरून पुढे गेली. शेजारच्या शेतात उतरली. बाया आमच्याकडे न बघता वेचत होत्या, नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत. आमच्या शेतात कापूस बोंडातून लोंबत होता. आभाळ भरून आलं होतं, त्या दिवसांत नको असलेलं आभाळ. भिजला की कापूस पिवळा पडतो, त्याची कवडी होते आणि व्यापारी हात लावत नाही. माय, बाबा आणि मी, तिघं मिळून तेवढं शेत वेचणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. बाहेरगावची टोळी आणावी तर तिथल्या बायांनाही चाचीचा निरोप आधी पोचलेला. वर्षभराचं पीक झाडावर उभं होतं आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. बाबा मला एकच वाक्य बोलले. “म्हनलं होतं.” जेवताना नाही, रागावून नाही, गोठ्याच्या दारात उभं राहून. ते गोठ्याच्या दारात उभे राहिले म्हणून मला जास्त लागलं.

मी साइटला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. पानाच्या तळाशी ‘तुमची माहिती जोडा’ अशी एक चौकट होती. त्यात लिहिलं की ते लगेच फोटोखाली दिसायचं. मी त्यात लिहायला घेतलं आणि थांबले. आमच्या घरावरचा आरोप आमच्याच घरची पोरगी खोडून काढते आहे, याला गावात काय किंमत? मी उठले आणि चाचीकडे गेले.

चाची अंगणात सुपात मिरच्या घेऊन देठ खुडत बसली होती. बस म्हणाली नाही.

“चाची, आमच्याकडे वेचायला कधी येता?”

“तुमच्याकडे आमचं काय काम वं? तिथं तं खानदानी कापूस हाय. आमचा हात लागला तं बाटन.”

“ते चुकीचं लिहिलंय, चाची.”

“हाव का? पोस्टरवरही चुकीचंच लिवलं होतं म्हने. तुह्या घरावर लिवनारे सारेच कसे चुकते?”

मी म्हणाले की देवकापसाचं एक झाड आहे, तुम्हाला माहीत आहे.

“ते झाड मले मालूम हाय. माह्या डोयात काजळ हाय, माती नाई. एका झाडाची वात होते, शेत नाई होत. तिथं बियानं लिवलं, शेत लिवलं.” तिने मिरचीचा देठ खुडून टाकला. “पोस्टर कंपनीनं छापलं, मी मानलं. तुह्या बापाले म्या एक शब्द बोलली नाई. माहा मानूस तिकडं गठानी उचलून राह्यला तरी नाई बोलली. पन हा तं तुह्या मायचा हात हाय. त्या हातचा दहीभात खाल्ला म्या.”

मी म्हणाले, “घरी या. सगळं उघडून पाहा.”

चाचीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “झडती?”

“हाव.”

“बाप हाकलन मले.”

“माय नाई हाकलनार.”

ती मिरच्या बाजूला सारून उठली. तोंडात पदर धरून नाही, अगदी सरळ, गावाच्या मधून आमच्या घराकडे निघाली. दोघीतिघी बाया आपोआप मागे आल्या.

बाबा पडवीत होते. झडती म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “माह्या घराची झडती? भाभी, म्या कोनाचं काय चोरलं?”

“चोरलं नाई तं पाहू द्या ना,” माय आतून म्हणाली. ती बाहेर आली, हात पदराला पुसत. तिने आधी बायांना बसायला पोतं टाकलं, मग मला हाक मारली. “पाव्हनी घरी आली. कुंदे, चाय ठेव. जुबेदाबी, कुठून पाहाचं ते तूच सांग.”

चाचीने घर पाहिलं. अगदी सावकाश. कणगीत हात घालून ज्वारी चाळली. डाळीचे डबे उघडले, हुंगले, लावले. देव्हाऱ्याच्या मागे पाहिलं, माझं दप्तर पाहिलं. माय तिच्यामागे चालत होती आणि चाची विसरेल ते दाखवत होती: हे राह्यलं, हे पाह्य. चहा उकळून उकळून काळा झाला. मग चाची गोठ्यात शिरली आणि तिने वर पाहिलं.

“या अल्ला,” ती म्हणाली. “हे इथं लपून बसले व्हय?”

फ्लेक्सवरचे बाबा तिच्याकडे बघून हसत होते. एक बाई खुदकन हसली. बाहेर पडवीत खरे बाबा खाली मान घालून बसले होते. चाची हसली नाही. तिची नजर वरून उतरताना आढ्याच्या वाशाला टांगलेल्या गाठोड्यावर थांबली.

“ते काय?”

ते तिथे टांगलेलं रोज दिसायचं. पण आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. मायलाही नसावं, कारण तिने बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, गोठ्यात आले, सगळ्यांदेखत स्वतःच्या त्या हसऱ्या तोंडाखाली उभे राहिले आणि गाठोडं काढून चाचीच्या हातात दिलं. चाचीने ते हलवलं. आत बी होतं. सळसळलं.

तिने गाठ सोडली. आतून छोटी छोटी पाकिटं निघाली, न फोडलेली, कडेने उंदराने कुरतडलेली. चाचीला वाचता येत नव्हतं. तिने एक पाकीट उजेडाकडे धरलं, रंग पाहिला, कपाळाला आठी घातली.

“हे तं मोठ्या पाकिटासंगं भेटते ते.”

“हाव,” बाबा म्हणाले.

“फुकटवालं.”

“हाव.”

बीटीच्या प्रत्येक मोठ्या पाकिटासोबत तसं एक छोटं पाकीट यायचं, साध्या कापसाच्या बियाण्याचं. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावायच्या असतात, म्हणजे अळीला खायला काहीतरी राहतं आणि ती बीटी पचवायला लवकर शिकत नाही. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा गावात कुणालाच ते समजलेलं नव्हतं. पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं म्हणे. फुकट दिलेलं बी म्हणजे वाईट बी, काहीतरी गोम असलेलं बी, असं सगळ्यांनी धरलं आणि कुणीच पेरलं नाही. आमचा संशय बहुतेक वेळा आम्हाला वाचवायचा. या एका बाबतीत त्याने अख्ख्या मुलखाचं नुकसान केलं.

“माह्या घरी म्या कोंबड्याईले टाकलं,” चाची म्हणाली. तिच्या आवाजातली धार जरा बोथट झाली होती. “तुमी काऊन ठेवलं, नारायणभाऊ?”

“बी हाय, भाभी,” बाबा म्हणाले. “पेराची हिंमत नाई झाली. पन बी कोनी फेकते का?”

चाचीने गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट मारली आणि त्यांच्या हातात परत दिलं. मग ती पडवीत येऊन बसली आणि तो काळा चहा प्यायली. पिऊन झाल्यावर मला म्हणाली, “कुठं हाय ते तुहं लिवनं? दाखव.”

संगणकाच्या खोलीत तिने चपला बाहेर काढल्या आणि आत जाताना उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. त्या दिवशी वीज होती आणि इंटरनेटही होतं, योगच. मी पान उघडलं. फोटो वरून खाली हळूहळू उतरत गेला. आधी आभाळ, मग कापूस, मग हात. चाची पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहत राहिली.

“हे कोन कोन पाह्यते?”

“सगळीकडचे. पुण्याची, मुंबईची पोरं.”

“आन् त्याईले हेच खरं वाटते?”

“हाव.”

“मंग लिव.” ती पाठ ताठ करून स्टुलावर बसली, ग्रामसभेत बोलायला उठावं तशी. “म्या जसं सांगन तसंच लिव. तुहं सुधारून नको. लिव: फोटोतला हात खरा हाय. खालचं लिवनं खोटं हाय. हे शेत बीटीचं हाय, आमच्या साऱ्याईचं बीटीचंच हाय. यायच्या घरी देशी बियानं नाई. म्या सोता डबे उघडून पाह्यले. देवकापसाचं एक झाड हाय, ते वातीचं. बस. नाव टाक: जुबेदाबी, वेचनीवाली.”

नाव टाकायचं तर साइटवर खातं काढावं लागायचं. मी तिच्या नावाने ते काढलं. तिला जन्मवर्ष विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कायले पाह्यजे?” आणि मला माय आठवली. अंदाजाने काहीतरी भरलं. मजकूर टाइप केला, पाठवला, आणि तो फोटोखाली आला, त्या गोड ओळीच्या अगदी खाली.

“झालं,” मी म्हणाले.

“तू म्हनतं झालं म्हनून झालं?”

चाची उठली, दारात गेली आणि मैदानात खेळणाऱ्या एका पोराला बोलावलं. “वाच रे, काय लिवलं?” त्याने अडखळत वाचलं. त्याला बाहेर काढलं आणि दुसऱ्या एका पोरीला आत बोलावलं, दोघांनी एकमेकांशी बोलू नये म्हणून त्याला विहिरीकडे पिटाळलं. तिनेही वाचलं. मग इंगळे सरांनाच बोलावलं. सरांनी चष्मा लावून, खणखणीत आवाजात, वऱ्हाडीतलं वऱ्हाडी तसंच ठेवून वाचलं. चाची डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलवत, प्रत्येक शब्द आपल्या शब्दाशी लावून पाहत. आज मी माझ्या खोलीतल्या मुलांना एक माहिती तीन ठिकाणांहून ताडून पाहा म्हणते, आणि ठिकाणं एकमेकांना सामील नसली पाहिजेत हेही बजावते. त्यांना वाटतं मी हे कुठल्यातरी जाड पुस्तकात वाचलं.

“तिघाईचं एकच हाय,” चाची म्हणाली. तिने डोळे उघडले. “मायले सांग, सकाळी येतो. दही ताजं लावजो म्हना. पह्यल्या वेचनीचा दहीभात आता धरत नाई म्या.”

ती निघणार तेवढ्यात पडद्यावर काहीतरी चमकलं. तिच्या नावापुढे एक पिवळा तारा उगवला होता. माहिती जोडली की साइट तो आपोआप द्यायची.

“हे काय?”

“तारा. तुम्ही आता वारसामित्र झालात, चाची. खरी माहिती देणाऱ्याला देतात.”

“पैसे?”

“नाही. फुकट.”

चाचीचा चेहरा पुन्हा आखडला. तिने ताऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सरांकडे, जणू आम्ही दोघं मिळून तिला काहीतरी पाजत होतो.

“फुकट देऊन राह्यले म्हनजे काईतरी हाय,” ती म्हणाली. “पुस ते.”

मी पुसायचा प्रयत्न केला. साइटवर बाकी सगळं पुसता येत होतं, तारा तेवढा पुसता येत नव्हता. चाचीने बराच वेळ वाट पाहिली आणि मग चपला पायात अडकवून निघून गेली. सकाळी ढगांखाली टोळी आमच्या शेतात उतरली. दहीभात खाल्ल्यावर, ओटी बांधता बांधता तिने मला हाताने जवळ बोलावलं आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, “निंघाला का वं तो?”